रोज गावाहून येणारा लॉईड

आमच्या समोरच्या घरातला लॉईड रोज दुपारी स्वतःच्याच घराची बेल वाजवायचा.

शाळेची पिवळी बस मुलांना सोडून वळणापलीकडे गेली की त्याच्या गॅरेजचं दार वर जायचं. आतून लॉईड बाहेर यायचा. अंगात लांब करडा कोट, डोक्यावर टोपी, हातात चामड्याची जुनी सूटकेस. ड्राइव्हवेवरून तो पार रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंत चालत जायचा. तिथे थांबून टोपी काढायचा आणि खिशातल्या कंगव्याने उरलेसुरले केस मागे सारायचा. मग वळून, लांबच्या प्रवासाने दमल्यासारखा सावकाश पुढच्या दाराशी जायचा आणि बेल दाबायचा. दार उघडायचं, लॉईड आत, दार बंद. बर्फ असो, पाऊस असो, सुट्टी असो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

घराची किल्ली विसरलेली माणसं मी पाहिली आहेत. खिडकीतून चढताना अडकलेला एक मामाही पाहिला आहे. पण घरातून निघून त्याच घराची बेल वाजवणारा माणूस मी नागपुरातसुद्धा पाहिला नव्हता, आणि नागपुरात मी बरंच काही पाहिलेलं आहे.

मी इथे मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. काम बहुतेक घरूनच असतं आणि माझं टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी आहे. त्यामुळे लॉईडवर पाळत ठेवायची असं काही मी ठरवलेलं नव्हतं. ती आपोआप ठेवली गेली. ठरवून ठेवली ती प्रशांतने.

प्रशांत आमच्याच कॉलनीत पलीकडच्या गल्लीत राहतो. मूळचा पुण्याचा, त्यामुळे संशय घेणं त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो ॲडमिन आहे आणि त्याच्या दारावरच्या कॅमेऱ्यात कॉलनीतली अर्धी मांजरं रेकॉर्ड झालेली आहेत.

"हा माणूस क्लीन नाही यार," तो मला म्हणाला. "सूटकेस रोज बाहेर येते आणि रोज आत जाते. आत काय आहे?"

"कपडे असतील."

"रोज? जातो कुठे? पत्रपेटीपर्यंत. पत्रपेटीपर्यंत जायला कोण कपडे घेऊन जातं?"

माझी बायको शिल्पा म्हणाली, "त्यांच्याकडे रोज सकाळी निळ्या गाडीतून एक बाई येते, संध्याकाळी जाते. तिला विचारा ना सरळ." पण सरळ विचारून मिळालेल्या माहितीवर प्रशांतचा विश्वास नसतो.

आता लॉईडची बाजू. आम्हाला त्याचा जेवढा संशय होता, त्याच्या दुप्पट त्याला सगळ्या जगाचा होता. 'नाही पटलं' हे त्याचं पेटंट वाक्य. म्हणायचा अर्थातच इंग्रजीत, पण सूर इतका आपल्याकडचा होता की मला ते मराठीतच आठवतं. टपालवाला 'हॅव अ गुड डे' म्हणाला की लॉईड म्हणायचा, नाही पटलं. टीव्हीवरची बाई उद्या ऊन पडेल म्हणाली, नाही पटलं. माझी मुलगी रेवा शाळेसाठी कुकीज विकायला त्याच्या दारात गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली.

"ही इज सो वीअर्ड, बाबा," ती म्हणाली. "ही मेड मी डू इट अगेन अँड अगेन. म्हणाला, तुला विकायच्याच नाहीयेत, तुला घरी जायचंय."

"मग घेतल्या का?"

"सगळ्या घेतल्या. व्हेन आय गॉट रियली मॅड."

माझी पाळी आली ती एका पार्सलमुळे. त्याचा एक खोका चुकून आमच्या दारात आला. जड होता, बाजूंना भोकं होती आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कॅलिफोर्नियाचा. प्रशांत नेमका चहाला आला होता. त्याने खोक्याला कान लावला.

"भोकं कशाला? आत काहीतरी जिवंत आहे."

मी वास घेतला. "संत्री आहेत."

"तुला काय माहीत?"

"मी नागपूरचा आहे."

"दुसरा वास लपवायला संत्री टाकतात," प्रशांत म्हणाला. "रिसर्च कर जरा."

मी खोका उचलून रस्ता ओलांडला आणि बेल वाजवली. साखळी तशीच ठेवून दार किलकिलं झालं. फटीत एक निळा डोळा.

"तुमचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं," मी हसून म्हणालो.

डोळा माझ्याकडे पाहत राहिला. "नाही पटलं."

"काय नाही पटलं?"

"तू आधी हसलास. खोका जड आहे, तुझी पाठ दुखतेय, हातातलं काम टाकून यावं लागलंय. असा माणूस वैतागलेला असतो. तू हसतोयस, म्हणजे तुला माझ्या घरात डोकवायचंय."

"पण ते खरंच चुकून आलंय."

"खरं असेल. पण खरं असणं वेगळं आणि पटणं वेगळं. पायऱ्या उतर आणि पुन्हा ये."

मी उतरलो. का उतरलो ते मला अजून कळलेलं नाही. खोक्यासकट उतरलो, खोक्यासकट पुन्हा चढलो आणि या वेळी खरोखरच वैतागलो होतो.

"हे पटलं," लॉईड म्हणाला. त्याने साखळी काढली आणि खोका आत ओढून घेतला. दार लागता लागता आतून एका बाईचा घाबरलेला आवाज आला, "तो माणूस अजून या घरात का आहे? त्याला जायला सांगा."

हे मी प्रशांतला सांगायला नको होतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"किडनॅपिंग," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मीही लॉईडकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तोही माझ्याकडे. एकदा पत्रपेटीपाशी त्याने मला गाठलं.

"दिवसभर खिडकीत बसलेला असतोस. कुणासाठी काम करतोस?"

"गाड्यांच्या ब्रेकचं काम आहे."

"ब्रेकचं काम करणाऱ्याचे हात असे नसतात. माझा बाप गाड्यांच्या कारखान्यात होता, मला सांगू नकोस."

त्या निमित्ताने लॉईडचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी, पत्रपेटीपाशीच, कळत गेलं. बाप डेट्रॉइटच्या कारखान्यात गाड्यांना दारं बसवायचा. सरकत्या पट्ट्यावरून गाडी पुढे यायची, बाप दार लावायचा, गाडी निघून जायची. आपण हे करायचं नाही, असं ठरवून लॉईड तरुणपणीच बसने कॅलिफोर्नियाला गेला. स्टुडिओत केबली गुंडाळल्या, नटांची कॉफी आणली, मग सहायक झाला आणि शेवटी एक सिनेमा दिग्दर्शित केला. गोठलेल्या तळ्याकाठी राहणाऱ्या दोन भावांचा. तो त्याच्या आईने आणि वितरकाने पाहिला, असं लॉईड म्हणायचा, आणि वितरक मध्येच उठला. पुढे सगळी टीव्हीची कामं. डिटेक्टिव्ह, वकील, डॉक्टर, शेरीफ, चार मुलं एकट्याने वाढवणारे बाप.

"टीव्हीचा दिग्दर्शक म्हणजे पाहुणा," तो म्हणायचा. "मालिका दुसऱ्याची, नट दुसऱ्याचे. आठवडाभर राहायचं, एक भाग करायचा आणि पुढच्या गावाला. पहिला भाग मला कधी कुणी दिला नाही, शेवटचाही नाही. मी मधल्या भागांचा माणूस."

पण या मधल्या भागांमध्ये त्याचं एका गोष्टीत नाव झालं. नटाने दारातून आत कसं यायचं, हे लॉईडइतकं कुणाला कळत नाही असं म्हणायचे म्हणे. नुसता आत आलेला नट त्याला चालायचा नाही. बाहेर पाऊस सोडून आला की बाहेर भांडण सोडून आला, ते पहिल्या पावलात दिसायला हवं. दिसेपर्यंत पुन्हा, पुन्हा, पुन्हा. एका मोठ्या नटाने चिडून तेच दार त्याच्या नाकावर आपटलं होतं. "ते मात्र लगेच पटलं," लॉईड नाक चोळत म्हणाला.

मी ही सगळी हकीकत प्रशांतला सांगितली. त्याने लगेच इंटरनेट पालथं घातलं. एका साइटवर लॉईडचं नाव, भरघोस मिशीवाला फोटो आणि त्याने केलेल्या मालिका सापडल्या. दुसऱ्या साइटवर तो वारला होता.

"बघ," प्रशांत म्हणाला. "खरा लॉईड मेलाय. हा कोण आहे?"

मी ते जसंच्या तसं लॉईडच्या कानावर घातलं. तो विचारात पडला.

"कशाने गेलो?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग नाही पटलं," तो म्हणाला आणि सूटकेस उचलून बेल वाजवायला गेला.

डिसेंबरात नागपूरहून माझी आई आली. सगळ्यांचे आईवडील उन्हाळ्यात येतात, पण आईला बर्फ पाहायचा होता. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. दोन दिवसांत तिचा बर्फ पाहून झाला आणि ती माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून लॉईडला पाहू लागली.

"भल्ता माणूस आहे बाप्पा," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "घरातून निघते अन् घरातच येते."

"प्रशांत म्हणतो, क्रिमिनल आहे."

"अन् केस विंचरते? गावाहून आल्यावानी येते तो."

एकदा ती माझ्याबरोबर बाहेर पडली असताना लॉईड समोर आला. मी ओळख करून दिली. आईने हातमोज्यांसकट हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम." लॉईडने तिला नीट निरखलं. मी मनात म्हटलं, आता आईला पुन्हा घरात जाऊन बाहेर यायला लावणार हा.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं.

"नमस्कार केला तिने. आमच्यात असा करतात."

"हे पटलं," लॉईड म्हणाला, आणि त्याने टोपी काढली. पहिल्या फटक्यात पास झालेलं माणूस मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

जानेवारीत ते घडलं. वर भुसभुशीत बर्फ आणि खाली काच झालेलं पाणी, असा दिवस. प्रशांत आमच्याकडेच होता. शाळेची बस येऊन गेली, लॉईड पत्रपेटीपर्यंत गेला, वळला, आणि आई खुर्चीतून उठून म्हणाली, "पडला रे तो."

आम्ही दोघं धावलो. लॉईड आडवा पडला होता. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. सूटकेस उघडून पसरली होती. दाढीचं सामान, घडी केलेला एक शर्ट, आणि बर्फावरून रस्त्याकडे घरंगळत चाललेली संत्री.

"संत्रीच आहेत," प्रशांत म्हणाला. त्याचा आवाज थोडा पडलेला होता.

मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन काढला.

"फोन नंतर," लॉईड दातांतून म्हणाला. "आधी मला उभा करा. उशीर झाला तर ती घाबरेल."

"कोण?"

"संत्री गोळा करा."

प्रशांतने मफलरमध्ये संत्री गोळा केली. मी लॉईडला काखेत हात घालून उभा केला, सूटकेस बंद केली. तो दोन पावलं चालला आणि थांबला.

"केस," तो म्हणाला. "कंगवा उजव्या खिशात आहे. माझा हात चालत नाही."

बर्फात उभा राहून मी त्याचे केस विंचरले. "मागे," तो म्हणाला, "बाजूला नाही." मग डाव्या हातात सूटकेस घेतली, दारापर्यंत गेला आणि मला म्हणाला, "आता बेल."

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. पांढरे केस नीट बांधलेले, ओठांना फिकट लिपस्टिक. त्यांच्या मागे निळ्या गाडीतून येणारी ती बाई, डोना. म्हाताऱ्या बाईंनी लॉईडला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी नकळत बाजूला झालो.

"लॉईड. आलास."

"आलो, रूथ."

"विमानाला उशीर झाला का?"

"थोडासा."

"शूटिंग नीट झालं?"

"छान झालं." त्याचा रंग उडाला होता, पण आवाजात दुखण्याचा मागमूस नव्हता.

"आणि हे कोण?"

"युनिटमधली पोरं. सामान आणायला आलीत."

रूथबाईंनी मफलरभर संत्री घेऊन उभ्या असलेल्या प्रशांतकडे पाहिलं. "केवढी थंडी वाजतेय याला. आत या रे."

प्रशांत आत गेला, संत्री टेबलावरच्या भांड्यात एक एक करून ठेवली आणि पुढे काय करावं ते न कळून हात बांधून उभा राहिला. डोनाचं लक्ष मनगटाकडे गेलं. तिने रूथबाईंना हळूच खुर्चीत बसवलं आणि मी लॉईडला घराच्या मागच्या दाराने बाहेर काढून माझ्या गाडीत घातलं.

दवाखान्यात बसावं लागलं. तिथे तो बोलला. रूथ इथलीच, नोव्हायजवळची. लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथे जन्म वाट पाहण्यात गेला. हा सदा शूटिंगला. परत येताना रस्त्यावरून संत्री आणायचा, तेवढंच. म्हातारपणी तिची स्मृती जाऊ लागली आणि ती सारखी मिशिगनला जायचं म्हणू लागली, म्हणून तो तिला घेऊन इथे आला.

"दिवसभर मी घरात असतो," तो म्हणाला, "आणि दिवसभर ती मला ओळखत नाही. तिला वाटतं, कुणी परका माणूस घरात शिरलाय. माझ्यापासून पर्स लपवते. डोनाला सांगते, याला घालवा. एकदा मी दुकानातून पिशवी घेऊन आलो आणि किल्ली विसरलो होतो, म्हणून बेल वाजवली. तिने दार उघडलं आणि म्हणाली, लॉईड, आलास." तो बँडेजकडे पाहत राहिला. "घरात असलेला नवरा तिला माहीतच नाही. बाहेरून आलेला माहीत आहे. मग मी रोज येतो."

परत आल्यावर मी प्रशांतला हे सांगितलं. त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं की समोरच्या घराचा मामला क्लिअर आहे. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो लॉईडच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून, पुन्हा कुणी घसरू नये म्हणून मीठ टाकू लागला. लॉईडने त्याच्या मीठ टाकण्यातल्या चुका काढल्या आणि प्रशांतने त्या सुधारल्या.

हिवाळा असाच गेला. एप्रिलमधल्या एका दुपारी लॉईड बेल वाजवून आत गेला आणि नेहमीपेक्षा पुष्कळ वेळाने आमच्या दारात आला. कोट तोच, हातात काही नाही. आईने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि चहा टाकला.

"आज तिने दार उघडलं," तो मला म्हणाला, "आणि विचारलं, कोण हवंय? मी म्हणालो, लॉईड. ती म्हणाली, तो शूटिंगला गेलाय. बसा, येईलच."

"मग?"

"मग मी बसलो. पाहुण्यासारखा. ती मला तिच्या नवऱ्याबद्दल सांगत होती."

आईने चहा पुढे ठेवला. त्याने कपाला दोन्ही हात लावले.

"ती म्हणाली, नवरा पहाटे टॅक्सीने निघाला की ती गाऊनवरच गाडी काढून मागोमाग जायची. हायवे लागेपर्यंत. मग परत फिरायची. मला हे माहीत नव्हतं. कधीच कळलं नाही."

"का जायच्या?"

"तेही विचारलं मी. म्हणाली, तो मागे वळून बघतो का ते पाहायला."

मी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"मी स्क्रिप्ट वाचत असायचो," लॉईड म्हणाला.

आईने मला विचारलं, काय म्हणते तो? मी सांगितलं. ती त्याच्या कपात पुन्हा चहा ओतत राहिली, कप भरला तरी.

निघताना तो दाराशी घुटमळला. "तिने मला उद्या जेवायला बोलावलंय. म्हणाली, नवरा काही उद्याही यायचा नाही, आणि एकटीला जेवण जात नाही." मग संकोचून त्याने नुकत्याच घरी आलेल्या शिल्पाला विचारलं, "एखाद्या बाईकडे पहिल्यांदा जेवायला जाताना काय न्यायचं असतं? मला आता आठवत नाही."

शिल्पाने आईला विचारलं. आई म्हणाली, "फुलं ने म्हणा."

आमच्या अंगणात पिवळे डॅफोडिल नुकतेच उमलले होते. दुसऱ्या दिवशी रेवाने त्यातले चांगले चांगले कापून दोऱ्याने बांधून ठेवले. संध्याकाळी लॉईड ते घ्यायला आला. निळा शर्ट घातला होता, दाढी घोटून केली होती आणि हनुवटीजवळ कापलंही होतं. आईने पदराने तिथला साबण पुसला. त्याने पुसू दिला.

मग तो आमच्याच दारातून निघाला. रस्ता अर्धा ओलांडून थांबला, फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"घाबरला तो," आई म्हणाली.

"एवढ्या वर्षांचं लग्न आहे त्यांचं."

"घाबरू दे. आज तिनं बोलावलं आहे त्याला."

त्याने बेल वाजवली. रूथबाईंनी दार उघडलं. इतक्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. लॉईडने फुलं पुढे केली, त्यांनी घेतली, आणि मग दोघंही उंबऱ्याशीच उभे राहिले. त्या काहीतरी विचारत होत्या आणि तो मान खाली घालून उत्तरं देत होता. बऱ्याच वेळाने त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी त्याला आत घेतलं.